‘सरकार विरुद्ध मृतदेह’: जुन्या साउथ कॅरोलिनातले इन्क्वेस्टचे कागद कसे वाचायचे

दर काही दिवसांनी कुणीतरी मला एक स्क्रीनशॉट पाठवतं. इन्क्वेस्टचा, म्हणजे संशयास्पद मरणाच्या सरकारी चौकशीचा पिवळट कागद, तिरकं किरटं अक्षर, आणि खाली एक ओळीचा प्रश्न: ‘हा खूनच आहे ना?’ पाठवणारे वेगवेगळे असतात, कुणाचा एम.ए.चा प्रबंध चालू असतो, कुणाला मराठी पॉडकास्टसाठी जुन्या गुन्ह्याची गोष्ट हवी असते, कुणी अटलांटा नाहीतर शार्लटला राहतं आणि आजूबाजूच्या गावांचा इतिहास उकरायचा नाद लागलेला असतो. चूक मात्र सगळ्यांची एकच. कागद उघडला की पहिल्यांदा ज्युरीचा निकाल वाचायचा आणि मग त्या निकालाला शोभेल असं बाकीचं सगळं वाचायचं. हे बरोबर उलटं करायला हवं. निकाल सगळ्यात शेवटी वाचायचा, का ते पुढे येईलच.

मी उदाहरणासाठी अमेरिकेच्या साउथ कॅरोलिना राज्यातलं एजफील्ड घेतोय. तिथले कागद बऱ्यापैकी टिकलेत आणि मारामाऱ्यांसाठी हा भाग तेव्हाही बदनाम होता. १८६० ची लोकसंख्या सुमारे ४० हजार आणि त्यातली सुमारे २४ हजार माणसं गुलाम. हा आकडा डोक्यात ठेवा, पुढच्या प्रत्येक पायरीला लागणार आहे.

आधीची तयारी: तीन गैरसमज दाराबाहेर ठेवा

पहिला गैरसमज पंचनाम्याचा. आपल्याला मरणोत्तर पंचनामा माहीत असतो, त्यामुळे ज्युरी म्हणजे पंच असं डोक्यात बसतं. नात्यानं ते जवळचे आहेत खरे, कॉरोनर, म्हणजे ही चौकशी घेणारा अधिकारी, ही इंग्रजांची जुनी पद्धत, मुंबईत सुद्धा १८७१ च्या कायद्याखाली कॉरोनर होता आणि तो १९९९ पर्यंत टिकला. पण आज आपले पंच जे दिसलं त्यावर सही करतात आणि घरी जातात. तिथली इन्क्वेस्टची ज्युरी मृतदेह बघायची, साक्षी ऐकायची आणि मग शपथेवर सांगायची की हा माणूस कुठे, कधी, कसा आणि कुणाच्या हातून मेला. म्हणजे मत द्यायची. मत आलं की मत देणारा कोण हा प्रश्न आलाच.

दुसरा गैरसमज: कॉरोनर म्हणजे डॉक्टर. अजिबात नाही. डॉक्टर असण्याची अट नव्हती, शेतकरी असेल, दुकानदार असेल, कुणीही. शेरीफ नसेल तर त्याचं काम पण हाच बघायचा. आणि खेड्यात कॉरोनर वीस-पंचवीस मैल लांब असला तर जवळचा मॅजिस्ट्रेटच कॉरोनर म्हणून बसायचा, त्यामुळे सहीखाली ‘अ‍ॅक्टिंग कॉरोनर’ दिसलं तर त्यात काही गडबड आहे असं समजू नका.

तिसरा: प्रत्येक मरणाची इन्क्वेस्ट व्हायची. नाही. अचानक, हिंसक किंवा संशयास्पद मरणाचीच, आणि ती सुद्धा कुणी कळवलं तर. म्हणून अर्काइव्हच्या पेटीतले कागद मोजून ‘या काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) इतके टक्के खून’ असले हिशोब मांडू नका. साध्या तापानं गेलेले हजारो लोक या पेटीत नाहीतच, आणि मारून गुपचूप पुरलेले सुद्धा नाहीत.

सामान काय लागेल? एक वही, मोठा स्क्रीन (फोनवर हे वाचायचा हट्ट सोडा), त्या भागाचा शक्यतो त्याच दशकातला नकाशा, आणि १८५० ते १८८० च्या जनगणनेच्या स्कॅन केलेल्या पानांपर्यंत पोचायचा मार्ग. इन्क्वेस्टचे कागद एजफील्डच्या काउंटी अर्काइव्हमध्ये आणि राज्याची राजधानी कोलंबिया इथल्या अभिलेखागाराच्या मायक्रोफिल्मवर बघायला मिळतात. जॉर्जिया विद्यापीठातून चालवलेल्या ‘सीएसआय डिक्सी’ या प्रकल्पात साउथ कॅरोलिनातल्या काही काउंट्यांचे १८०० ते १९०० मधले इन्क्वेस्ट घरबसल्या बघता येतात. नवख्यानं तिथूनच सुरुवात करावी.

१. आधी जागा पक्की करा, मग माणूस

साउथ कॅरोलिनात १८६८ च्या आधी ‘काउंटी’ नव्हे, ‘डिस्ट्रिक्ट’ म्हणायचे. एजफील्ड डिस्ट्रिक्ट. त्यामुळे शोधताना दोन्ही शब्द टाकून बघा, नाहीतर अर्धे कागद सापडणारच नाहीत.

त्याहून मोठी भानगड सीमांची. १८७१ मध्ये एजफील्डचा एक तुकडा तोडून, बार्नवेल, ऑरेंजबर्ग आणि लेक्सिंग्टनचे तुकडे जोडून एकन काउंटी केली. १८९० च्या दशकात सलूडा वेगळी निघाली, १८९७ मध्ये ग्रीनवूडला काही भाग गेला, आणि मॅकॉर्मिक १९१६ मध्ये. आता सावाना नदीच्या काठावरचं हॅम्बर्ग गाव घ्या, तिथला १८६० चा मृत्यू एजफील्डच्या पेटीत आणि १८७६ चा एकनच्या पेटीत. गाव तिथल्या तिथेच आहे, पेटी बदलली. लोक आजच्या नकाशावर गाव बघतात, आजच्या काउंटीत शोधतात आणि ‘रेकॉर्ड नष्ट झालंय’ म्हणून मोकळे होतात.

रेकॉर्ड खरोखर नष्ट झालेल्या जागा पण आहेत. यादवी युद्धात, १८६५ मध्ये, उत्तरेकडच्या जनरल शर्मनची फौज ज्या वाटेनं गेली त्या वाटेवरच्या काही कोर्टांचे कागद जळाले. एजफील्ड त्या वाटेवर नव्हतं, म्हणून तर इतकं हाताशी आहे.

*तपासा:* मृत्यूचं वर्ष, त्या वर्षीची काउंटी किंवा डिस्ट्रिक्ट, आणि जवळचा ओढा किंवा नदी, हे तीन शब्द वहीत लिहिल्याशिवाय पुढे जायचं नाही. पत्ते नव्हते त्या काळात, माणसं ओढ्याच्या नावानं जागा सांगायची.

२. घडी उलगडा: पाकिटात नक्की काय काय आहे

हे कागद घडी घालून, बाहेरच्या बाजूला शीर्षक लिहून ठेवलेले असायचे. आणि माणूस पहिल्यांदा घसरतो तो त्या शीर्षकावरच. तिथे असतं ‘द स्टेट व्हर्सेस द डेड बॉडी ऑफ’ अमुक. म्हणजे सरकार विरुद्ध अमुकचा मृतदेह. मला एकानं अगदी गंभीरपणे विचारलेलं की मेलेल्या माणसावर केस कशी काय केली, काही अंधश्रद्धा होती का. नाही हो, ती फक्त फाइलचं नाव लिहायची रीत होती. मेलेला आरोपी नाही.

आत साधारण हे सापडतं:
- ज्युरीला बोलवायचा हुकूम, म्हणजे कॉन्स्टेबलला दिलेलं वॉरंट
- साक्षीदारांच्या जबान्या, कधी एक, कधी दहा
- डॉक्टरची जबानी, ही असेलच असं नाही
- मुख्य इन्क्विझिशन, म्हणजे बारा-चौदा ज्युरींच्या सह्यांचा निकालाचा कागद
- साक्षीदारांनी कोर्टात हजर राहण्यासाठी दिलेले जातमुचलके, ज्याला तिथे रिकग्निझन्स म्हणतात

सगळं एकाच पाकिटात असेल या भरवशावर राहू नका. बऱ्याच वेळा एकटा निकालाचा कागद उरलेला असतो आणि जबान्या कोर्टाच्या खटल्याच्या फाइलीत जाऊन बसलेल्या असतात, कारण पुढे खटला उभा राहिला की क्लार्क त्या तिकडे सरकवायचा. म्हणजे जिथे खून असण्याची शक्यता जास्त तिथेच पाकीट पातळ दिसू शकतं! पातळ पाकीट बघून ‘वरवरचा तपास केला’ असं लिहिणारे मी बघितलेत.

*थांबा:* स्कॅनमध्ये कागदाची मागची बाजू बघितलीत का? तारीख, फी, साक्षीदारांची नावं कित्येकदा मागेच असतात.

३. नक्कल उतरवा, आणि अर्थ लावायचा मोह आवरा

हे काम कंटाळवाणं आहे पण याला पर्याय नाही. ओळीला ओळ ठेवून, स्पेलिंग जसं आहे तसं ठेवून उतरवा. न लागणाऱ्या शब्दाच्या जागी प्रश्नचिन्ह टाका आणि पुढे जा, चौथ्या पानावर तोच शब्द स्वच्छ अक्षरात भेटतो. अंदाजानं भरलेला शब्द मात्र पुन्हा कुणी तपासत नाही, तुम्ही स्वतः सुद्धा नाही. ध चा मा व्हायला एक अक्षर पुरतं हे मराठी माणसाला मी काय सांगणार.

मुख्य कागदाची भाषा ठरलेली असते, सत्यनारायणाच्या पोथीसारखी. ‘मृतदेह प्रत्यक्ष पाहून’, ‘अमुकच्या समोर’, ‘चांगल्या आणि कायदेशीर माणसांच्या शपथेवर’, हे सगळं साचेबंद. खुनाचा आरोप असेल तर ‘देवाचं भय डोळ्यासमोर न ठेवता, सैतानाच्या चिथावणीनं’ असं पण येतं. यावरून ‘गावकऱ्यांना सैतानाचा संशय होता’ असा निष्कर्ष काढू नका, प्लीज. इंग्लंडहून आलेला मसुदा आहे तो, कारकुनानं पाठ असल्यासारखा उतरवलेला. तसंच ‘व्हिजिटेशन ऑफ गॉड’. याचा अर्थ देवाची शिक्षा नाही, अंगावर हिंसेची खूण दिसत नाही आणि कारण कळत नाही, एवढाच. आजच्या भाषेत बहुतेक हार्ट अटॅक, पक्षाघात, फिट येणं असं काहीतरी. पण ‘बहुतेक’ हा शब्द तुमच्या लेखात सुद्धा राहिला पाहिजे.

साच्याच्या मधली हातानं भरलेली जागा, तिथे खरं काम. जखम कुठे, किती खोल, हत्यार कुठलं, वेळ काय.

आता शब्द. इंग्रजी येतं म्हणून लोक निर्धास्त असतात आणि इथेच फसतात, कारण शब्द ओळखीचे आणि अर्थ वेगळे:

*ईव्हनिंग* म्हणजे तिकडच्या बोलीत दुपार टळल्यापासून अंधार पडेपर्यंतचं काहीही. *डिनर* दुपारचं जेवण. म्हणजे ‘डिनरनंतर ईव्हनिंगला पाहिलं’ याचा अर्थ दुपारी दोन वाजता सुद्धा होतो. मी स्वतः एकदा एका प्रकरणाची अख्खी टाइमलाइन रात्रीची लावून बसलेलो आणि मग कळेना की त्या साक्षीदाराला इतक्या लांबून बंदूक दिसली कशी. भर दुपार होती ती.

*अ‍ॅन अवर बाय सन* म्हणजे सूर्य मावळायला तासभर असताना (किंवा सकाळचा संदर्भ असेल तर उगवल्यावर तासाभरानं). घड्याळाच्या वेळेवर फार विसंबू नका, रेल्वेनं प्रमाणवेळ लावली ती १८८३ च्या नोव्हेंबरात, त्याआधी प्रत्येक गावाचे बारा वेगळे.

*डिफिकल्टी* म्हणजे अडचण नाही, भांडण, आणि बहुतेक वेळा चाकू-पिस्तुलापर्यंत गेलेलं. ‘दोघांमध्ये डिफिकल्टी झाली’ वाचून कुणीतरी पैशाची तंगी असं भाषांतर केलेलं मी पाहिलंय.

*करेक्शन* म्हणजे गुलामाला चाबकानं मारणं. इतका सभ्य शब्द आहे की डोळा त्याच्यावरून निसटून पुढे जातो. निसटू देऊ नका.

*बॉय* म्हणजे मुलगा नाही. चाळीस वर्षांच्या गुलाम पुरुषाला पण बॉयच म्हणायचे. वय दुसरीकडे लिहिलं असेल तरच वय धरा.

*इन्स्टंट* आणि *अल्टिमो*, आखूड करून ‘इन्स्ट’ आणि ‘अल्ट’. पहिला चालू महिना, दुसरा मागचा महिना. ३ ऑगस्टच्या कागदात ‘२८ अल्ट’ असेल तर ती २८ जुलै.

*ज्युनिअर-सिनिअर* म्हणजे बापलेकच असतील असं नाही. एका भागात एकाच नावाचे दोघे असले की मोठा तो सिनिअर, नात्याचा संबंध असो नसो.

४. खोलीत कोण कोण उभं होतं त्याची यादी

जबान्या वाचायच्या आधी सगळी नावं एका रकान्यात लिहा: मेलेला, कॉरोनर, ज्युरी, साक्षीदार, डॉक्टर, गुलाम असेल तर मालक आणि ओव्हरसियर, म्हणजे गुलामांवर देखरेख करणारा मुकादम. नंतर सगळ्यात जवळच्या वर्षाच्या जनगणनेत प्रत्येकाला शोधा. १८५० पासून घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव मिळतं. जनगणना करणारा घरोघर जायचा, म्हणून पानावर वर-खाली असलेली घरं साधारणपणे शेजारची. ज्युरी मृतदेहाच्या आसपासच्या घरांतूनच गोळा करायचे, त्यामुळे बारातले पाच-सहा जण एकाच पानावर सापडले की दचकू नका. त्यात कुणी कुणाचा मेव्हणा, कुणी कुणाचा देणेकरी, हे शोधायचं.

ज्युरीत कोण बसू शकायचं हे काळावर अवलंबून. १८६८ च्या आधी फक्त गोरे पुरुष. १८६८ नंतर कृष्णवर्णीय पुरुष पण दिसतात, १८७७ नंतर ते पुन्हा कमी होत जातात. बायका कधीच नाहीत, बाळंतपणातल्या मृत्यूच्या किंवा तान्ह्या बाळाच्या इन्क्वेस्टला सुद्धा नाहीत. बायका साक्षीदार म्हणून मात्र भरपूर भेटतात, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात नेमकं त्याच सांगतात, कुठल्या खिडकीतून पाहिलं, चुलीवर काय होतं, सगळं.

गुलामाचा शोध घेताना वेगळी रीत. अनुक्रमणिकेत तो मालकाच्या नावाखाली असतो, ‘अमुकची मालमत्ता, जिम नावाचा निग्रो पुरुष’ असा. आणि १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या जनगणनेत नावंच नाहीत, मालकाच्या नावाखाली फक्त वय, लिंग आणि वर्ण. नावानं शोधत बसाल तर आयुष्य जाईल. कृष्णवर्णीय माणसं सरसकट नावानिशी भेटतात ती १८७० पासून. १८९० च्या जनगणनेवर आशा लावू नका, १९२१ च्या आगीनंतर त्यातलं जवळजवळ काही उरलं नाही.

*तपासा:* ‘एक्स’ फुलीच्या दोन बाजूंना ‘हिज मार्क’ लिहिलेलं असेल तर त्या माणसाला सही येत नव्हती. म्हणजे जबानीतले शब्द कारकुनाचे आहेत. अवतरणात टाकून ‘तो म्हणाला’ असं लिहिण्याआधी हे आठवा.

५. जबान्या: प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न, तुला कसं कळलं?

मी वहीत तीन रकाने करतो. स्वतः पाहिलं, दुसऱ्याकडून ऐकलं, आणि अंदाज. प्रत्येक वाक्य यातल्या कुठल्यातरी एका रकान्यात. सुरुवातीला फार वेळ लागतो पण पहिल्याच प्रकरणात डोळे उघडतात, पाच पानांच्या जबान्यांमधून ‘स्वतः पाहिलं’ मध्ये चारच वाक्यं उरतात.

मग टाइमलाइन. मृत्यू कधी, कुणी कळवलं कधी, इन्क्वेस्ट कधी. साउथ कॅरोलिनाचा उन्हाळा आपल्या कोकणासारखाच दमट, मृतदेह थांबत नाही, त्यामुळे कित्येकदा घरच्यांनी आधीच पुरलेलं असायचं आणि कॉरोनरला कबर उकरायला लागायची. कागदात ‘डिसइंटर्ड’ शब्द आला की मृत्यू आणि तपासणीत किती दिवस गेले ते बघा, कारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंगावरचे काळेनिळे डाग माराचे की सडण्याचे हे तेव्हाच्या खेड्यातल्या डॉक्टरला सांगणं कठीण होतं.

डॉक्टरची जबानी असली तरी हुरळून जाऊ नका. त्यानं शरीर उघडलं की फक्त वरून पाहिलं? दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक.

आणि जे नाही ते पण नोंदवा. गुलामाला गोऱ्या माणसाविरुद्ध कोर्टात साक्ष देता यायची नाही. म्हणजे ज्या शेतावर पन्नास गुलामांनी एखादी गोष्ट डोळ्यांनी पाहिली तिथे कागदावर साक्षीदार एकच, ओव्हरसियर. कागदावर साक्षीदार एकच दिसतो म्हणून बघणारा पण एकच होता असं होत नाही.

६. आता निकाल वाचा

आता सरावासाठी एक बनवलेलं प्रकरण देतो, खऱ्या कुणाचं नाही, पण अशा धर्तीचे कागद तुम्हाला भेटतील.

समजा १८५१ चा जुलै. एका ओढ्यात एका गुलाम पुरुषाचा मृतदेह सापडतो. निकाल: अपघातानं बुडून मृत्यू. निकाल आधी वाचलात तर बाकीचं तुम्ही पोहता न येणाऱ्या माणसाची गोष्ट म्हणून वाचाल. आता जबान्यांकडून या. ओव्हरसियर म्हणतो, सकाळी ‘करेक्शन’साठी बोलावलं तर पळाला. शेजारी म्हणतो, ईव्हनिंगला कुत्र्यांचा आवाज ऐकला. डॉक्टर म्हणतो, पाठीवर वळ, कवटी शाबूत. चौथ्या पायरीत तुम्हाला कळलेलं असतं की ज्युरीतला एक जण ओव्हरसियरचा भाऊ आणि दोघे मालकाच्या शेजारचे.

आता काय लिहाल? ‘हा खून होता’ हे लिहिता येत नाही, कागद तेवढं सांगत नाही. ‘तो अपघातानं बुडाला’ हे पण तुमचं वाक्य म्हणून येऊ शकत नाही. लिहायचं ते असं: ज्युरीच्या मते तो अपघातानं बुडाला, जबान्यांवरून दिसतं की त्याला मारहाण झाली होती आणि बहुधा कुत्रे लावून त्याचा पाठलाग चालू होता, ज्याच्यापासून तो पळाला तो ओव्हरसियरच एक मुख्य साक्षीदार होता आणि ज्युरीत त्या ओव्हरसियरचा भाऊ होता. एवढं पुरे, वाचक समजून घेतो.

कायदा माहीत असला की निकालातले शब्द अजून बोलायला लागतात. साउथ कॅरोलिनात १७४० च्या कायद्याप्रमाणे गुलामाला जाणूनबुजून ठार मारलं तरी दंड होता, ७०० पौंड, आणि ‘रागाच्या भरात’ किंवा अती ‘करेक्शन’मुळे मेला तर ३५० पौंड. १८२१ मध्ये गुलामाच्या खुनाला फाशीची शिक्षा आली, पण रागाच्या भरात ठार मारलं तर जास्तीत जास्त ५०० डॉलर दंड आणि सहा महिने कैद. त्यामुळे ‘सडन हीट अँड पॅशन’ हे शब्द कागदात आले की ते मनःस्थितीचं वर्णन म्हणून वाचू नका, त्या शब्दांवर कुणाची मान अवलंबून होती ते बघा.

अशीच काळजी दोन-तीन ठरावीक निकालांबाबत. आत्महत्येत ‘वेड्याच्या भरात’ असं जोडलेलं असेल तर तो वैद्यकीय निष्कर्ष समजू नका, मागे राहिलेल्या कुटुंबावर केलेली दया पण असू शकते. ‘अज्ञात व्यक्तींच्या हातून’ हा निकाल जमावानं मारलेल्या प्रकरणात आला तर त्या काळच्या वाचकाला पण माहीत असायचं की अज्ञात कुणीच नाही. आणि गुलाम आईच्या अंगाखाली दबून बाळ गेलं, ‘ओव्हरलेड’, हा निकाल सगळ्यात जपून वाचायचा. आईच्या निष्काळजीपणावर किंवा मुद्दाम केल्यावर ढकलायची तेव्हा पद्धत होती, पण १९८१ मध्ये एका इतिहासकारानं दाखवून दिलं की यातले बरेच मृत्यू आज ज्याला बाळाचा अचानक पाळण्यातला मृत्यू म्हणतात तसे असावेत, आणि गरोदरपणी शेतात राबवून घेतल्याचा त्याच्याशी संबंध दिसतो. दोनशे वर्षांनी पुन्हा त्या आईवर आळ घालायचं काम आपण करू नये.

७. निकालानंतर काय झालं ते शोधल्याशिवाय ‘खुनी’ शब्द वापरू नका

इन्क्वेस्टच्या ज्युरीनं नाव घेतलं म्हणजे गुन्हा शाबित झाला असं नाही. त्यानंतर अटक, जामीन, मग कोर्ट ऑफ जनरल सेशन्सच्या, म्हणजे फौजदारी कोर्टाच्या, पुढच्या सत्रात ग्रँड ज्युरी, तिनं ‘ट्रू बिल’ लिहिलं तर खटला, ‘नो बिल’ लिहिलं तर तिथेच संपलं. मग खटला ऐकणारी छोटी ज्युरी, मग शिक्षा, मग कधी गव्हर्नरची माफी. प्रत्येक पायरीचा कागद वेगळ्या पेटीत. ‘ट्रू बिल’ म्हणजे दोषी असा घोळ हमखास होतो, त्याचा अर्थ फक्त खटला चालवण्यापुरतं बळ आहे, इतकाच.

उलट बाजूचं उदाहरण हॅम्बर्ग. ८ जुलै १८७६ ला तिथे गोऱ्यांच्या सशस्त्र जमावानं हल्ला केला, सहा कृष्णवर्णीय आणि एक गोरा मेला, कृष्णवर्णीयांपैकी बहुतेकांना पकडल्यावर थंडपणे गोळ्या घातल्या. इन्क्वेस्ट घेतली प्रिन्स रिव्हर्स यांनी, आधी गुलाम, मग युनियन (म्हणजे उत्तरेच्या) सैन्यात सार्जंट, आणि तेव्हा तिथले ट्रायल जस्टिस, म्हणजे स्थानिक मॅजिस्ट्रेट. त्यांच्या ज्युरीनं ९४ गोऱ्यांवर ठपका ठेवला. म्हणजे इथे इन्क्वेस्टनं आपलं काम चोख केलं. पुढे? खटला ढकलत नेला, राज्यातली सत्ता बदलली, शिक्षा कुणालाच नाही. त्या जमावातला बेंजामिन टिलमन पुढे गव्हर्नर झाला, सिनेटर झाला आणि हॅम्बर्गची फुशारकी जाहीर सभांमधून मारायचा. नुसती इन्क्वेस्ट वाचणाऱ्याला वाटेल न्याय झाला, नुसतं कोर्टाचं रजिस्टर वाचणाऱ्याला वाटेल काही घडलंच नाही.

*तपासा:* इन्क्वेस्टच्या तारखेनंतरची किमान दोन सत्रं बघितलीत? पहिल्याच सत्रात खटला चालेल असं धरू नका.

८. बाहेरचे पुरावे, झटपट

एजफील्ड अ‍ॅडव्हर्टायझर हे १८३६ पासूनचं साप्ताहिक, त्याचे जुने अंक लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर फुकट आहेत. मृत्यूनंतरचे तीन-चार अंक चाळा. आपोआप वाचणारं सॉफ्टवेअर जुन्या छपाईत चुकतं, म्हणून सर्चमध्ये नाव आलं नाही तरी पानं डोळ्यांनी बघा. गोऱ्यांच्या भांडणाला रकानेच्या रकाने, गुलामाच्या मृत्यूला दोन ओळी, त्या पण मालकाचं नुकसान म्हणून.

मृत्यूचे दाखले शोधू नका, साउथ कॅरोलिनात राज्यभर मृत्यूनोंदणी सुरू झाली १९१५ मध्ये. त्याऐवजी १८५०, १८६०, १८७० आणि १८८० च्या जनगणनेसोबतच्या मृत्यूच्या याद्या आहेत. पण त्यात फक्त आधीच्या बारा महिन्यांचे मृत्यू. १८५० च्या यादीत १ जून १८४९ ते ३१ मे १८५० एवढेच. तुमचा माणूस १८५३ ला गेला असेल तर तिथे तास घालवू नका.

९. लिहायला बसताना

पहिल्या मसुद्यात प्रत्येक ठाम वाक्यासमोर कोण म्हणालं ते लिहा: ज्युरी, ओव्हरसियर, डॉक्टर, पेपर, की मी. ज्या वाक्यासमोर फक्त ‘मी’ उरतो ते वाक्य एकतर काढा किंवा ‘मला वाटतं’ लावून ठेवा. संवाद रचू नका, पॉडकास्टवाल्यांनो तुम्हाला विशेष सांगतोय, ‘तो थरथरत म्हणाला’ मधलं थरथरणं कुठल्याच कागदात नाही. वर्णभेदी शब्द मूळ अवतरणात असेल तर एकदा जसाच्या तसा चालेल, तुमच्या स्वतःच्या वाक्यात नको.

फोटो आणि नक्कल एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि पेटी-पाकिटाचा क्रमांक फाइलच्या नावातच घाला, सहा महिन्यांनी आठवत नाही. आणि फोल्डरला नाव देताना अनुक्रमणिकेतलं उचलून टाकू नका, गुलामाचा कागद असेल तर तिथे मालकाचं नाव असेल. आत कुठेतरी, बऱ्याचदा दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत, मेलेल्याचं नाव असतं, नुसतं पहिलं नाव, आडनाव नाही. ते फोल्डरवर लिहा, पुढे वर्ष आणि ओढ्याचं नाव.